माजी सैनिकांचे दावे : मध्यस्थाचा मेहनताना आणि देखरेखीचा खर्च
(भाषणाचा मजकूर)

सैनिकाने रणांगणावर हात वा पाय गमावला, तर शासनाने त्याला आधार द्यावा याबद्दल कोठेही दुमत नसते. अडचण उभी राहते ती अर्जाची. दुखापत सेवेतच झाली हे कागदोपत्री सिद्ध करावे लागते, वैद्यकीय दाखले जोडावे लागतात, मुदती पाळाव्या लागतात. आपणांपैकी ज्यांनी गावातील एखाद्या माजी सैनिकाचे अथवा त्याच्या विधवेचे कागद हाताळले असतील, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. कागद अवघड झाला की पैसे घेऊन तो करून देणारा मध्यस्थ उभा राहतोच. त्याच्यावर अंकुश कोणी ठेवावा आणि त्या अंकुशाचा खर्च कोणी सोसावा, हा वाद अमेरिकेत दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

तेथील यादवी युद्ध चालू असतानाच, १८६२ च्या निवृत्तिवेतन कायद्याने मध्यस्थाच्या मेहनतान्यावर पाच डॉलरची मर्यादा घातली. १८६४ मध्ये ती दहा डॉलर झाली, आणि नवल असे की डॉलरचे मोल कितीही उतरले तरी १९८८ पर्यंत ती तशीच राहिली. एवढ्या रकमेत कोणताही वकील प्रकरण हाती घेईना. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा वैध ठरविली. सैनिकाला मिळणारी रक्कम वकिलाबरोबर वाटून घेण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये, हा हेतू न्यायालयाने ग्राह्य मानला. धंदाच उभा न राहिल्यामुळे देखरेखीचे काम थोडे होते. दावे करून देण्याचा भार अमेरिकन लीजनसारख्या संघटनांनी विनामूल्य उचलला. अनेक काउंटींनी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या घटकांनी, त्यासाठी पगारी अधिकारी नेमले. आपल्याकडील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी त्यांच्या कामाचे बरेच साम्य आहे.

१९८८ च्या कायद्याने स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले आणि अपिलांच्या टप्प्यावर वकिलाला रीतसर मेहनताना घेता येऊ लागला. पुढे ही सवलत वाढत गेली. आज विभागाचा पहिला निर्णय झाल्यानंतर, विभागाची मान्यता असलेल्या वकिलाला वा दावा-प्रतिनिधीला शुल्क आकारता येते. मूळ दावा दाखल करण्यासाठी मात्र कोणालाही पैसे घेता येत नाहीत. थकबाकीच्या वीस टक्क्यांपर्यंतचे शुल्क वाजवी आणि एकतृतीयांशाहून अधिक शुल्क गैरवाजवी समजले जाते.

एवढ्या नियमांसाठी यंत्रणा लागते. प्रतिनिधीची लेखी परीक्षा घेणे, त्याची पार्श्वभूमी तपासणे, करारपत्रे पाहणे, तक्रारींची चौकशी करणे, मान्यता रद्द करणे ही सारी कामे विभागाच्या विधी कार्यालयाकडे आहेत. वीस टक्क्यांच्या आतील शुल्क विभाग थकबाकीतून परस्पर चुकते करू शकतो. त्याबद्दल शुल्काच्या पाच टक्के आकार वकिलाकडून घेतला जातो. पण तो शंभर डॉलरपेक्षा अधिक नसतो आणि सैनिकाकडून वसूल करता येत नाही. थकबाकी दहा हजार डॉलर असेल तर शुल्क दोन हजार आणि आकार शंभर. थकबाकी पन्नास हजार झाली, शुल्क दहा हजारांवर गेले, तरी आकार तेवढाच. शिवाय हा आकार केवळ परस्पर रक्कम चुकती करण्यापुरता आहे. परीक्षा आणि चौकशी यांचा बोजा सर्वसामान्य करदात्यावरच राहतो.

खरी गोम पुढे आहे. २००६ च्या कायद्याने बेकायदा शुल्क घेण्याबद्दलची फौजदारी शिक्षा वगळली. मनाई राहिली, दंड गेला. सेवेतील विषारी संसर्गाने आजारी झालेल्यांचे लाभ वाढविणारा कायदा ऑगस्ट २०२२ मध्ये झाला, आणि अर्जांबरोबर मान्यता नसलेल्या सल्लागार कंपन्यांचाही सुकाळ झाला. आपण केवळ सल्ला देतो, अर्ज सैनिक स्वतःच करतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांपैकी कित्येक कंपन्या मासिक लाभातील वाढीच्या पाचपट रक्कम आकारतात; दरमहा हजार डॉलरची वाढ झाली की पाच हजार डॉलर कंपनीचे. मान्यताच नसल्यामुळे रद्द करण्यासारखे विभागाच्या हाती काही नाही. तो पत्राने समज देतो वा प्रकरण इतर यंत्रणांकडे धाडतो. काही घटक राज्यांनी यावर स्वतःचे कायदे केले आहेत.

२०२३ मध्ये काँग्रेसपुढे दोन परस्परविरोधी विधेयके आली. एकात जुनी शिक्षा पुन्हा आणण्याचा प्रस्ताव होता. दुसऱ्यात या कंपन्यांना मान्यतेच्या चौकटीत घेऊन शुल्काची कमाल मर्यादा साडेबारा हजार डॉलर ठेवण्याचा. पहिल्या मार्गात खर्च तपासाचा आणि खटल्यांचा. दुसऱ्यात नव्या अर्जदारांच्या छाननीचा आणि कायमच्या हिशेब-तपासणीचा. अधिक दावे मंजूर झाल्याने वाढणारी लाभांची रक्कमही काही जण नियमनाच्याच खाती मांडतात. ते योग्य नव्हे. ते सैनिकाचे हक्काचे देणे आहे. मात्र जी रक्कम मध्यस्थाच्या खिशात जाते तीही मुळात सैनिकाच्या निर्वाहासाठी खजिन्यातूनच निघालेली असते, आणि ती कोणत्याही अंदाजपत्रकात देखरेखीचा खर्च म्हणून दिसत नाही. काउंटीच्या अधिकाऱ्याचा पगार मात्र दिसतो, आणि काटकसरीची वेळ आली की पहिली नजर त्याच्यावर जाते.