तीळ दुखावला तर



मी सातवी शिकलेली गृहिणी. मोठे ज्ञान सांगण्याचा माझा अधिकार नाही. परंतु आपण एकमेकींपाशीही बोलत नाही, असा एक विषय आज मांडते. तो म्हणजे अंगावरचा दुखावलेला तीळ किंवा मस.

कातडीला रंग देणाऱ्या पेशी एके ठिकाणी जमल्या की तीळ होतो. तो बहुधा निरुपद्रवी असतो. पण कमरेवर वा मानेवर असला, की परकराची नाडी, मंगळसूत्र त्याला सारखे घासते. त्यात आपल्या अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत कांड्या भरताना, टॉवेल शिवताना घाम येतो, खाज सुटते, नख लागते आणि रक्त येते.

अशा वेळी स्वच्छ फडके दहा मिनिटे दाबून धरावे. साध्या साबणपाण्याने धुऊन, न चोळता टिपावे. नाडी रुंद घ्यावी व सैल बांधावी. पंधरा दिवसांत बरे वाटले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

मात्र चुना-सोडा लावणे, घोड्याचा केस बांधणे हे उपाय वर्ज्य समजावेत. जखम चिघळते हे तर आहेच. पण मोठे नुकसान निराळे. डॉक्टर भूल देऊन मस काढतात आणि संशय असल्यास तुकडा तपासणीस पाठवतात. आपणच तो जाळून टाकला, तर तपासायला काय उरले?

तीळ एकाच अंगाने वाढला, कड वेडीवाकडी झाली, दोन-तीन रंग दिसले, आकार सहा मिलिमीटरांहून मोठा झाला किंवा आपोआप रक्त येऊ लागले, तर थांबूच नये. सावळ्या वर्णाच्या माणसांनी तळपाय, तळहात व नखांखालचे नवे काळे डागही पाहावेत. तिळासारखा दिसणारा कर्करोग आपल्याकडे तेथे अधिक आढळतो.

नाडीचा काचही क्षुल्लक मानू नये. वर्धा व बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी २०२४ साली दोन वयस्क स्त्रियांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांतली एक लुगडे नेसणारी होती. वर्षानुवर्षे काचलेल्या कमरेवर न भरणारा व्रण झाला आणि त्याचा कर्करोग निघाला. असे क्वचितच घडते. पण न भरणारी जखम दाखवावी, एवढा बोध घ्यावा.

आपल्या सोलापुरात सिव्हिल हॉस्पिटलात चर्मरोगाचे डॉक्टर आहेत. मुलाला ताप आला तर आपण धावत जातो. स्वतःच्या कमरेचे दुखणे मात्र लाजेने किंवा अर्ध्या दिवसाची मजुरी बुडेल म्हणून झाकून ठेवतो. भगिनींनो, महिन्यातून एकदा न्हाताना अंग नीट पाहा. पाठ जावेला, लेकीला पाहायला सांगा. एकटीला जायचा संकोच वाटला, तर मंडळातली एखादी बरोबर न्या.