परदेशातील मोलकरीण आणि घरचा सालगडी

(यवतमाळ जिल्ह्यातील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



यवतमाळ, पुसद, वणी येथील शिकलेली मुले नोकरीनिमित्त आखाती देशांत जातात. इकडे ज्यांची आई स्वतः भांडी घासते, त्यांच्या घरी तिकडे चोवीस तास राहणारी मोलकरीण येते. परक्या बाईच्या वावराने प्रथम अवघडल्यासारखे होते. हे अवघडलेपण प्रामाणिक असते, पण फार दिवस टिकत नाही. हळूहळू हाक मारण्याचा सूर बदलतो आणि रात्री अकरा वाजता तिला चहा करावयास सांगण्यात काही वावगे वाटेनासे होते.

हा सूर परदेशात शिकलेला नसतो. कापसाच्या या जिल्ह्यात गुढीपाडव्याला सालगडी ठरतो आणि पुढच्या पाडव्यापर्यंत त्याचा सारा दिवस मालकाचा होतो. कामाला तासांचे बंधन नसते. घेतलेली उचल फिटेपर्यंत त्याचा पाय निघत नाही. आखातातील ‘कफाला’ पद्धतीत कामगाराचा वास्तव्याचा परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. इथे उचल बांधते, तिथे परवाना बांधतो.

कायद्याने काही वाट मोकळी केली आहे. कुवेतने २०१५ साली घरकामगारांना आठवड्याची सुटी आणि ३० दिवसांची भरपगारी वार्षिक रजा दिली. कामाची मर्यादा दिवसाला १२ तास ठरविली. परंतु बंद दाराआड हा कायदा पोहोचविणार कोण? २०१३ साली न्यूयॉर्कमध्ये भारतीय राजनैतिक अधिकारी देवयानी खोब्रागडे यांना घरकामगार महिलेच्या व्हिसा व वेतनासंबंधीच्या आरोपांवरून अटक झाली. त्यांना मिळालेल्या वागणुकीबद्दल देशभर संताप उसळला आणि तो अनाठायी नव्हता. मात्र त्या गदारोळात घरकामगाराच्या वेतनाचा प्रश्न मागे पडला. संतापातही वर्ग असतो, तो असा.

मालकाचा चांगुलपणा हा हक्काला पर्याय नव्हे. पुण्यातील मोलकरणींनी १९८० साली संप केला, संघटना बांधली आणि पगार व रजा हे मेहेरबानीचे विषय नाहीत हे शहराला दाखवून दिले. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला; त्याच्या बाजूने मत देऊनही भारताने तो अद्याप स्वीकारलेला नाही.

तो स्वीकारावा ही मागणी कार्यकर्त्यांनी अवश्य करावी. पण त्याआधी स्वतःच्या घरी येणाऱ्या बाईची मंडळाकडे नोंदणी झाली आहे काय आणि तिला आठवड्याची सुटी मिळते काय, हे पाहावे. परदेशी निघालेल्या मुलालाही सांगावे की बाईचे पारपत्र तिच्याच हाती राहिले पाहिजे, वेतन ठरल्या तारखेला दिले पाहिजे आणि सुटीच्या दिवशी ती कोठे जाते हे विचारता कामा नये. नोकर ठेवण्याची सवय कुणालाही लवकर होते. शिकावयाचे आहे ते कामगाराचा हक्क मानणे, आणि त्याचा पहिला धडा यवतमाळच्या घरातच गिरवावा लागेल.