जुना ट्रॅक्टर आणि पेरणीचे दिवस



तुमच्या मदतीने चालणारा पाड्यावरचा जुना ट्रॅक्टर चालता चालता बंद पडू लागला, की सगळे म्हणतात, ‘पंप गेला.’ मी तिथल्या तरुणांना सांगतो, आधी डिझेल टाकीचे झाकण सैल करा. इंजिन चालू राहिले, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे. ते साफ करा. तरीही बंद पडले, तर फिल्टर तुंबला असेल, तो बदला. मग एअर काढा. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून फीड पंप हाताने मारा; बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल आले की स्क्रू आवळा.

वाफसा कुणासाठी थांबत नाही. मेकॅनिकची वाट पाहताना गरिबाची पेरणी हुकते. म्हणून विनंती, पावसाआधीच दोन फिल्टर आणि डिझेल गाळायची चाळणी पाड्यावर पोहोचू द्या.