उल्हासनगरचा झूलेलाल

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित उतरले आणि 1949 साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. त्यांच्याबरोबर आलेले त्यांचे दैवत झूलेलाल दहाव्या शतकात सिंधमधल्या नसरपूरला जन्मले, धर्मांतराचा हुकूम काढणाऱ्या मिरखशाह या राजाला त्यांनी नमवलं, असं परंपरा सांगते. त्या काळातला लेखी पुरावा मात्र हाती नाही. म्हणून काही जण म्हणतात, ही भक्ती फाळणीनंतर रचलेली आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. प्राध्यापक राम पंजवानी यांनी गाण्यांतून, कार्यक्रमांतून तिचा प्रसार केला नसता, तर चेटीचंडला, म्हणजे झूलेलालांच्या जन्मदिनी, आज एवढी गर्दी लोटली नसती. तरीही सिंधमधलं उडेरोलालचं, म्हणजे झूलेलालांचंच, स्थान फाळणीच्या कितीतरी आधीचं. तिथे एकाच आवारात हिंदू आणि मुसलमान दोघंही माथा टेकतात. तेव्हा नवं आहे ते भक्तीचं सार्वजनिक रूप, भक्ती नव्हे. 

प्रांत गमावलेल्या समाजाला झूलेलाल सोयीचेही होते, हे मान्य करायला हरकत नाही. ते पाण्याचे दैवत. बहराण्याची, म्हणजे त्यांच्या पूजेच्या ताटातली, ज्योत आणि कलश घेऊन निघालेल्या मिरवणुकीला सिंधूच हवी असं नाही, जवळचं पाणी चालतं.