फोनवर पाठलाग करणाऱ्या जाहिराती



शाळेच्या आठवणी बाकीचे सांगतीलच, मी जरा फोनबद्दल बोलतो.

आई शेवटचे सहा महिने अंथरुणावर होती. तिच्यासाठी व्हीलचेअर, हवेची गादी, डायपर, सगळं मी फोनवरच शोधलं. ती गेली. तेराव्या दिवशीही फोन उघडला तर डायपरचीच जाहिरात, वर 'खास तुमच्यासाठी'. पुढे दोन महिने तेच. आपण काय शोधलं ते त्यांना कळतं. पुढे घरात काय झालं, ते नाही.

शेवटी भाचीने दाखवलं. गूगलच्या खात्यात 'माय ॲड सेंटर' असतं. तिथे आपल्या आवडीनुसार येणाऱ्या जाहिराती बंद करता येतात. फेसबुकच्या सेटिंगमध्ये 'अकाउंट्स सेंटर', त्यात 'ॲड प्रेफरन्सेस'. दुसऱ्या वेबसाइटवर किंवा ॲपवर आपण काय पाहिलं ते जाहिरातींसाठी वापरू नका, असं तिथे सांगता येतं. हा पर्याय जरा आत दडलेला आहे, शोधावा लागतो. जाहिराती थांबत नाहीत हं! आता मला ट्रॅक्टरच्या दिसतात. माझ्याकडे गुंठाभर जमीन नाही, पण चालतं.

आजचे फोटो टाकताना 'पब्लिक'ऐवजी 'फ्रेंड्स' निवडा, आणि सर-बाईंचे फोटो त्यांना विचारूनच टाका.

जेवणानंतर मी आपल्या जुन्या मागच्या बाकावर बसतो. ज्यांना सेटिंग बदलायचंय त्यांनी फोन घेऊन या. चष्मा विसरू नका.