संध्याकाळचे दार

(यवतमाळ येथे तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काही मित्रांनी विचारले की, कापसाचा भाव, कर्ज, पाणी, जंगलावरचे हक्क असे प्रश्न समोर असताना क्लब, जिमखाने आणि मंडळे ह्यांवर बोलण्याचे प्रयोजन काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देण्यासाठीच मी उभा आहे. माणूस दिवसभर काय करतो हे त्याची नोकरी, त्याची जमीन आणि त्याचा मालक ठरवतो. संध्याकाळी तो कोणाशेजारी बसतो हे मात्र समाज ठरवतो. समतेची खरी परीक्षा ह्या दुसऱ्या ठिकाणी होते.

नव्याने आलेल्या माणसाचा विचार करा. आपला जिल्हा सोळा तालुक्यांचा. वणीच्या कोळसा खाणींत परप्रांतांतून कामगार येतात. पांढरकवड्याच्या बँकेत कोकणातला कारकून बदलून येतो, झरी जामणीच्या आरोग्यकेंद्रात परजिल्ह्यातली परिचारिका रुजू होते, उमरखेडला मराठवाड्यातला शिक्षक येतो. खोली मिळते, डबा लागतो, हजेरीपटावर सही होते. दिवस भागतो. साडेसहा वाजले की प्रश्न उभा राहतो : जायचे कोठे? मीही ह्या जिल्ह्यात बाहेरून आलेला माणूस आहे. गेल्या काही वर्षांत ह्या प्रश्नाचे उत्तर शोधीत मी अनेक दारांत उभा राहिलो. त्या अनुभवातून काही निष्कर्ष निघाले. ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम क्लब ह्या संस्थेचा इतिहास पाहू. कलकत्त्याचा बेंगॉल क्लब १८२७ सालचा, मुंबईचा भायखळा क्लब १८३३ सालचा. सत्ता चालवणाऱ्या मूठभर गोऱ्यांनी दिवस काळ्या माणसांत घालवला की संध्याकाळी एकमेकांची तोंडे पाहण्यासाठी ही घरे बांधली. हिंदी माणूस तेथे शिरे तो खानसामा म्हणून. जॉर्ज ऑर्वेलच्या ब्रह्मदेशावरील कादंबरीचे सारे कथानकच मुळी एका एतद्देशीयाला क्लबाचे सभासद करावे की नाही ह्या वादाभोवती फिरते. साम्राज्याचा कणा कचेरीत असेल, पण त्याचा अहंकार क्लबात राहात होता. क्रांतिकारकांनाही हे कळले होते. २४ सप्टेंबर १९३२ च्या रात्री चितगावजवळच्या पहाडतळी येथील युरोपियन क्लबावर प्रीतिलता वाद्देदार हिच्या नेतृत्वाखाली हल्ला झाला आणि पकडले जाऊ नये म्हणून तिने विष घेऊन प्राण दिला. तेव्हा ती अवघी एकवीस वर्षांची होती.

ह्या क्लबांची प्रवेशाची रीतही समजून घेण्यासारखी आहे. नव्या माणसाला एक सूचक लागे, एक अनुमोदक लागे. मग पेटीत गोट्या टाकून गुप्त मतदान होई. ठरावीक संख्येने काळ्या गोट्या पडल्या की उमेदवार बाद. कारण सांगण्याची जबाबदारी कोणावरही नाही. अन्याय करणाऱ्याचे नाव कळू नये आणि अन्याय मात्र पुरता व्हावा, ह्यासाठी याहून सोयीची यंत्रणा शोधून सापडणार नाही.

पण सगळा दोष इंग्रजांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पारशी जिमखाना १८८५ मध्ये, इस्लाम जिमखाना १८९२ मध्ये आणि हिंदू जिमखाना १८९४ मध्ये उभा राहिला. खेळाची मैदानेही आपण धर्मवार वाटून घेतली. धर्मवार संघांचे क्रिकेट सामने १९४६ पर्यंत चालू होते. आणि एका धर्माच्या आत तरी दार सर्वांना सारखे होते काय? पळवणकर बाळू हा चर्मकार समाजात जन्मलेला असामान्य गोलंदाज. पुण्यातील हिंदूंच्या संघाला सामने जिंकण्यासाठी त्याचा डावा हात हवा होता. चहाच्या वेळी मात्र त्याला मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. मैदानावरचा चेंडू सर्वांच्या हातांतून फिरत होता. कपबशी फिरत नव्हती. त्याचा भाऊ विठ्ठल ह्याला हिंदू संघाचे कर्णधारपद मिळायला १९२३ साल उजाडावे लागले. इंग्रजांनी क्लबाचे दार आणले हे खरे, पण त्याला आतून लावायची कडी आपल्या घरची होती.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. वऱ्हाडात कापसाचा पैसा आला, मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले आणि त्यांच्याबरोबर अधिकारी, वकील आणि व्यापारी ह्यांचा एक थर तयार झाला. स्वातंत्र्यानंतर गोरे साहेब गेले. त्यांच्या खुर्च्यांवर आपले साहेब बसले. महाराष्ट्रातील कोणत्याही जिल्ह्याच्या गावी गेलात तर हे चित्र थोड्याफार फरकाने सारखेच दिसेल : टेनिसचे किंवा बॅडमिंटनचे मैदान, रमीचे आणि ब्रिजचे टेबल, भिंतीवर माजी अध्यक्षांची नावे. तेथे जमणारी माणसे वाईट असतात असे मला मुळीच म्हणायचे नाही. पुष्कळदा ती सौजन्याने बोलतात, चहाही पाजतात. परंतु नव्या माणसाला तेथे तीन प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारले जातात. पहिला : आडनाव काय? दुसरा : मूळ गाव कोणते? तिसरा : कोणत्या खात्यात? पहिल्या प्रश्नाने जात कळते, दुसऱ्याने नातीगोती कळतात आणि तिसऱ्याने उपयोग कळतो. आपल्याला पत्ते येतात की नाही हे चौथ्या क्रमांकावर येते. काळ्या गोट्यांची पेटी आता ठेवावी लागत नाही. ह्या तीन प्रश्नांनी तेच काम गोडीगुलाबीने होते.

आणि ती परिचारिका? तिला हे तीन प्रश्नही कोणी विचारीत नाही, कारण ती दारापर्यंत येईल अशी कल्पनाच कोणी केलेली नसते. सभासदांच्या पत्नींसाठी वर्षातून एकदा हळदीकुंकू किंवा सहल होते. नवऱ्याच्या नावाखेरीज, आपल्या पायांनी आलेल्या स्त्रीला बसायला खुर्ची कोठे आहे? ती खोलीत परतते आणि दार लावून घेते. आपल्या छोट्या गावांमधल्या कितीतरी कर्तबगार स्त्रियांच्या नोकरीची वर्षे अशी बंद दाराआड जातात.

गावातील मराठमोळ्या संस्थांची गोष्ट निराळी आहे काय? काही अंशी निराळी आहे, आणि ती कशामुळे हे पाहणे उद्बोधक ठरेल. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या प्रेरणेने विदर्भातील गावोगावी गुरुदेव सेवा मंडळे निघाली. त्यांची सामुदायिक प्रार्थना उघड्यावर होते. मागे येऊन बसलेल्या परक्या माणसाला कोणीतरी सरकून जागा देते, “बसा नं भाऊ” म्हणते. खंजिरी वाजू लागते. भजनी मंडळातही तेच. नवख्याच्या हाती टाळाची जोडी आली की त्याला पहिले अर्धा तास आडनाव लागत नाही, ताल लागतो. आखाड्यात नवा मुलगा प्रथम माती खणतो. अमरावतीचे १९१४ साली स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढले त्याचे एक कारण हेच की, तेथे येणाऱ्याला काही शिकायला आणि करायला मिळे. ह्यातून मला एक नियम दिसतो. जी संस्था नव्या माणसाला आधी काम देते, ती त्याला लवकर आपला करते. जी आधी ओळख मागते, ती त्याला कायम पाहुणा ठेवते.

तथापि, ह्या संस्थांचे उगाच कौतुक करून चालणार नाही. भजनात शेजारी बसलेला माणूस पंगतीत शेजारी बसतोच असे नाही. तांड्यावर नायकाचा शब्द चालतो, कोलामांच्या पोडावर चावडी असते. तेथे बैठक बसते तेव्हा निर्णयाच्या जागी बाई कितीदा दिसते? आणि तालुक्याच्या गावी शिकायला आलेला कोलाम किंवा गोंड मुलगा वसतिगृहाबाहेरच्या कोणत्या मंडळात, कोणत्या खेळाच्या संघात दिसतो? तो तर ह्या भूमीचा सर्वांत जुना रहिवासी. आपल्याच जिल्ह्याच्या गावात त्याने नवखा म्हणून वावरावे, यापरते लाजिरवाणे काय असेल?

ह्याबाबत कायदा काय म्हणतो? १९२७ साली बाबासाहेबांनी महाडच्या तळ्यावर जो प्रश्न उभा केला, त्याचे उत्तर संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने दिले. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान ह्या कारणांवरून दुकाने, उपाहारगृहे, सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तलाव, रस्ते येथे कोणालाही अडवता येणार नाही. परंतु ‘आम्ही खाजगी सभासदांचे मंडळ आहोत’ असे म्हटले की कायद्याचा हात बहुधा फाटकाशी थांबतो. म्हणून प्रश्न विचारायचा तो असा : ही जमीन कोणाची? सरकारी किंवा नगरपालिकेच्या जागेवर नाममात्र भाड्याने वसलेल्या क्लबाला किंवा जिमखान्याला आपण केवळ खाजगी आहोत असे कोणत्या तोंडाने म्हणता येईल? जनतेच्या जमिनीवरचे दार जनतेला उघडे असले पाहिजे.

हा सारा खटाटोप कशासाठी, ते आता सांगतो. संध्याकाळी सगळी दारे बंद असली, तरी गावातले एक दार उघडे असते. दारूच्या दुकानात सूचक लागत नाही, अनुमोदक लागत नाही. आडनाव, गाव, खाते काहीही कोणी विचारीत नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात कित्येक दशके दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. आपल्या जिल्ह्यातील स्त्रियांनीही ह्या मागणीसाठी मोर्चे काढले आहेत. बंदी असावी की नसावी हा वाद वेगळा. पण जेथे माणसाला माणूस म्हणून विनाअट बसू देणारी जागा फक्त गुत्त्याची असते, तेथे केवळ बंदीने काय साधणार? शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे ह्या जिल्ह्याचे नाव देशभर झाले. त्या आत्महत्यांची कारणे भावात, कर्जात आणि कोरडवाहू शेतीत आहेत. मंडळे काढून ती नाहीशी होणार नाहीत. परंतु खचलेल्या माणसाचे बोलणे ऐकून घेणारी चार माणसे रोज एका जागी भेटत असतील, तर निदान तो एकटा राहणार नाही. एवढे तरी आपल्या हातात आहे.

ह्या गावाने पाहुण्यांचे स्वागत करण्याचे दोन्ही धडे अलीकडेच घेतले आहेत. मराठी साहित्य संमेलन यवतमाळला दोनदा भरले, १९७३ साली आणि २०१९ साली. दुसऱ्या खेपेला उद्‌घाटक म्हणून नयनतारा सहगल ह्यांना बोलावले आणि मग निमंत्रण मागे घेतले. बोलावलेल्या पाहुण्याला उंबरठ्यावरून परत पाठविण्याची ही गोष्ट महाराष्ट्राच्या जिव्हारी लागली. अनेक साहित्यिकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली. त्याच मंडपात ११ जानेवारीला वैशाली येडे ह्या आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातील भगिनीने उद्‌घाटकाच्या जागेवरून भाषण केले आणि सभा स्तब्ध झाली. एका दाराची अशी दोन रूपे. एरवी त्या भगिनीला त्या व्यासपीठावर कोणी सूचक-अनुमोदक मिळाला असता काय? जागा दिली तेव्हाच तिची योग्यता सर्वांना दिसली. योग्यता सिद्ध झाल्यावर जागा देऊ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

शेवटी काही सूचना. प्रत्येक मंडळाने, वाचनालयाने, जिमखान्याने आठवड्यातली एक संध्याकाळ सर्वांसाठी खुली ठेवावी आणि तसा फलक दारावर लावावा. सूचक-अनुमोदकाची अट काढून टाकावी. वर्गणी ऐपतीप्रमाणे ठेवावी. स्त्रियांना स्वतःच्या नावाने पूर्ण सभासदत्व द्यावे आणि वेळ अशी ठेवावी की त्यांना निर्धास्तपणे घरी परतता येईल. सार्वजनिक जागेवरील संस्थांनी आपले नियम आणि हिशेब दर्शनी लावावेत. आणि सभासदांनी एक छोटेसे व्रत घ्यावे : नव्या माणसाला पहिल्या संध्याकाळी आडनाव विचारायचे नाही. कॅरमची सोंगटी, पुस्तक, टाळ, जे हाताशी असेल ते त्याच्या हाती द्यायचे.

नव्याने येणाऱ्यांचेही कर्तव्य आहे. पुण्या-मुंबईची फूटपट्टी घेऊन येथे येऊ नये. पहिला महिना सल्ले देऊ नयेत; सतरंजी उचलावी. वऱ्हाडी बोली कानांवर पडू द्यावी, तिला हसू नये. आणि आपल्याच जिल्ह्याच्या, आपल्याच जातीच्या बदलून आलेल्या माणसांचे स्वतंत्र मंडळ काढण्याचा मोह टाळावा. कारण बाहेर ठेवला गेलेला माणूस आपले वेगळे दार बांधतो, तेव्हा त्यालाही तो कडी लावतो.

मित्रहो, आपण मोर्चे काढतो, निवेदने देतो. ते केलेच पाहिजे. पण मोर्चा वर्षातून चार वेळा निघतो आणि संध्याकाळ रोज होते. उद्या आपापल्या गावी परत जाल तेव्हा आपल्या मंडळाच्या सभासदांची यादी काढून वाचा. त्यात कोणाची नावे नाहीत ते पाहा आणि त्यांच्यापैकी एकाला ह्याच आठवड्यात सोबत घेऊन जा.