पिण्याच्या पाण्यांतील फ्लोराइड आणि मुलांची बुद्धि



आमच्या मीरा-भाईंदरच्या वस्तींतून एक प्रश्न मला अनेकदां विचारण्यांत येतो : पाण्यांतील फ्लोराइडनें मुलांची बुद्धि मंद होते, हें खरें काय ? विचारणारे बहुधा सुशिक्षित आईबाप असतात. त्यांना हंसून वाटेस लावणें बरें नव्हे. त्यांची भीति वाढविणेंहि बरें नव्हे.

फ्लोराइड हें मूळचें खडकांतलें द्रव्य. तें ज्या खडकांत असतें त्यांतून पाणी दीर्घकाळ झिरपत राहिलें म्हणजे तें पाण्यांत उतरतें. म्हणून खोल कूपनलिकेचें भय अधिक. तत्कालीन मद्रास इलाख्यांतील नेल्लोर जिल्ह्यांत या पाण्यामुळें होणाऱ्या हाडांच्या विकाराचें वर्णन डॉ. शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९३७ सालीं प्रसिद्ध केलें. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड जिल्ह्यांतील कित्येक गांवांना हीच पीडा आहे. मुलांच्या दांतांवर तपकिरी डाग पडतात. पुढें सांधे आंखडतात, पाठी वांकतात. भारतीय मानकानें लिटरमागें १ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे. दुसरें पाणीच नसेल तर १.५ पर्यंत मुभा आहे.

आतां बुद्धीविषयीं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमानें २०२४ सालीं, लिटरमागें १.५ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड व मुलांचा कमी बुद्ध्यंक यांचा संबंध मध्यम खात्रीनें मान्य केला. दांत किडूं नयेत म्हणून तिकडे नळाच्या पाण्यांत जें ०.७ मिलिग्रॅम राखतात, त्याविषयीं मात्र पुरावा अपुरा ठरला. शिवाय संबंध दिसणें निराळें आणि कारण सिद्ध होणें निराळें. मी उभा जन्म शाळेंत काढला. 'ढ' म्हणून मागच्या बांकावर बसविलेला मुलगा कित्येकदां उपाशी असे, किंवा त्याला फळाच दिसत नसे ! डागाळलेल्या दांतांवरून कोणाची बुद्धि जोखणें हा तर शुद्ध अन्याय होय.

आमच्या शहराचें नळाचें पाणी उल्हास नदीच्या खोऱ्यांतून व बारवी धरणांतून आलेलें. अशा वाहत्या वा सांठविलेल्या पाण्यांत फ्लोराइड सहसा अल्प असतें, आणि आपल्या देशांत तें मुद्दाम मिसळण्याचा प्रघात नाहीं. काळजी करावयाचीच तर ती टँकरची व इमारतीच्या आवारांतील कूपनलिकेची करावी. पाण्याची ओढ लागली कीं तें पाणी टांकींत सोडलें जातें, आणि तें कोठलें, हें सभासद विचारीत नाहींत. रंग, वास, चव यांवरून फ्लोराइड ओळखतां येत नाहीं. प्रयोगशाळेचाच दाखला घ्यावा लागतो. नागपूरच्या 'नीरी' संस्थेनें चुना व तुरटी वापरून तें काढण्याची 'नालगोंडा' पद्धत दिली आहे, घरांतील आर. ओ. यंत्रहि तें बरेंचसें काढतें. पाणी उकळून मात्र उपयोग नाहीं. जंतु मरतात, पण पाणी आटल्यानें फ्लोराइडचें प्रमाण उलट किंचित् वाढतेंच.